तसं होय

मंगळवार, रात्री उशिरा

प्रदर्शन आवरलं. फ्रेमा घरी आल्या आणि नेहमीसारख्या दिवाणाखाली गेल्या. जी चित्रं विकली गेली त्यांचं मनात काहीच नाही. आहे ते त्या निळ्याचं. खरं तर त्याचंही नाही, त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईंचं.

बऱ्याच वेळ उभ्या होत्या. चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या. त्या थरांतून खालचं नानांचं अक्षर पुसट दिसतं, तेच वाचायचा प्रयत्न चालला असावा. मी खुर्चीतून उठलेच नाही, म्हटलं, बघू दे निवांत. मग त्यांनी बाजूचं कार्ड वाचलं. 'मेणचित्राचा आभास. एम्बॉसिंग पावडर, अ‍ॅक्रिलिक, टिश्यू, जुनं पत्र.' चष्मा खाली आला. "अच्छा, तसं होय," म्हणाल्या. आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच, "छान केलंय हं."

एवढंच. त्यात कुणाचं काय चुकलं?

कार्ड माझ्याच अक्षरात होतं. मी कुणाला फसवलं नाही आणि कुणी मला पकडलंही नाही. मग भाजी चिरताना, बसमध्ये, आत्ता लिहिताना ते 'तसं होय' का ऐकू येतंय? सुहास म्हणतो, कार्डच लावू नकोस. त्याला सगळ्यावर उपाय सुचतो. कार्ड काढायचं असतं तर लावलं कशाला असतं!

राग येतो तो असा, की त्या एका श्वासात सगळे कष्ट पुसले गेले. एम्बॉसिंग पावडर म्हणजे उष्णता दिली की वितळून उंच, चकचकीत थर होणारे प्लास्टिकचे बारीक दाणे. पण पावडर म्हटलं की लोकांना वाटतं भुरभुरवली आणि झालं. आधी एमडीएफच्या तुकड्यावर रंग, त्यावर टिश्यू आणि पत्र चिकटवून वाळवायचं. मग एम्बॉसिंगच्या शाईचं पॅड सबंध बोर्डावर घासायचं. ही शाई लवकर वाळत नाही, म्हणून पावडर धरून ठेवते. त्यावर जाड दाण्यांची पारदर्शक पावडर घालायची, बोर्ड तिरका करून जास्तीची घडीच्या कागदावर झटकायची आणि तिथून परत बाटलीत. माईच्या पुडीतली टाल्कम पावडर आधी फिरवून घ्यायची, नाहीतर नको तिथेही दाणे चिकटून बसतात. मग हीट गन. हेअर ड्रायर चालत नाही, दाणे वितळायच्या आत उडवून लावतो. गन एका जागी धरली की बुडबुडे येतात, फार वेळ धरली की पावडर तेलकट होऊन कागदात मुरते आणि ज्यासाठी सगळी खटपट केली तो उंचवटाच जातो. दाणे आधी ओले दिसतात, मग कडेकडेने एकमेकांत शिरतात आणि एका क्षणी सगळा पृष्ठभाग सपाट होऊन हलतो. त्याच क्षणी पुढची पावडर घालायची. तळ गरम असतो, त्यामुळे दुसऱ्या थराला शाई लागत नाही. गार झाल्यावर घातली तर घरंगळून जाते. शेवटच्या गरम थरात शाई लावलेला रबरी स्टॅम्प दाबायचा आणि हात न हलवता गार होईपर्यंत तसाच धरायचा. त्या वेळी हमखास दाराची बेल वाजते.

आणि हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पोळपाट बाजूला सारून. बाकीच्यांना खोल्या आहेत, उत्तरेकडच्या खिडक्या आहेत. मला कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली जागा आहे. दादाने ती खोली… जाऊ दे, त्यावर आज लिहायचं नाही.

खरं मेण का नाही, हे कुणी विचारलं नाही तरी मीच उत्तरं जुळवत बसते. मधमाशीचं मेण, त्यात ते कडक व्हावं म्हणून डमार नावाची राळ, त्यात रंग. मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, म्हणजे फार नाही. पण ते सारखं पातळ ठेवायला हॉटप्लेट हवी, वाफ जायला मोकळी हवा हवी, आणि प्रत्येक नवा थर खालच्याशी पुन्हा उष्णता देऊन एकजीव करायला हवा. वर मे महिन्यात बंद गाडीत चित्र राहिलं तर संपलंच. माईला दमा. विषय मिटला.

मिटत नाही ना पण. कारण मला मेण आवडतं. एका ओळखीच्यांकडे खऱ्या मेणाच्या चित्राला नख लावून पाहिलं होतं (त्यांनीच 'लाव' म्हटलं). बारीक ओरखडा उठला आणि मधाचा वास आला. माझ्या निळ्याला नख लावलं तर नखच घसरतं. चकाकतंही जास्त, मॅट मिडियमचा हात फिरवून ती चमक मारावी लागते. आणि वास प्लास्टिकचा. बाईंनी नाक जवळ नेलं तेव्हा त्यांना तो आला असेल का? कार्ड वाचायच्या आधीच कळलं असेल?

आता बघा, मी एका अनोळखी बाईच्या नाकाचा विचार करत रात्री जागी आहे.

मघाशी जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराचं चित्र पुन्हा काढून पाहिलं, तो अमेरिकेचा झेंडा, 1954-55 चा. मेणात केलेला, खाली वर्तमानपत्राचे कपटे. ते कपटे पाहूनच तर मी नानांचं पत्र घेतलं होतं. तर हा माणूस मेणाकडे वळला कशामुळे? आधी घराला लावायच्या इनॅमलने करत होता आणि ते वाळायला फार वेळ लागत होता! मेण पटकन थिजतं, म्हणून मेण. तिकडे इजिप्तमधल्या फायूमची ती टपोऱ्या डोळ्यांची माणसं, पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, लाकडी फळीवर रंगवून ममीच्या चेहऱ्यावर बांधलेली. मी इतकी वर्षं ती सगळीच मेणातली समजत होते. त्यातली काही साधी टेम्परातली, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगांतली आहेत. डोळे त्यांचेही तसेच बघतात.

हे वाचून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जॉन्सने मेणाच्या जागी मेणच वापरलं, मी मेणाच्या जागी पावडर वापरते, हा फरक राहतोच. माईच्या शोकेसमध्ये सावंतवाडीची लाकडी फळं आहेत, त्यातल्या सीताफळाला पाहुणे हटकून हात लावतात आणि लाकूड आहे कळल्यावर हसतात. 'अच्छा, तसं होय' तेही म्हणतात, पण खूश होऊन म्हणतात. त्या बाई खूश नव्हत्या झाल्या. म्हणजे मला तो शब्द नाही, त्यांचा पडलेला चेहरा खुपतोय. त्या पत्रापर्यंत पोचल्या होत्या आणि कार्डाने त्यांना परत बाहेर आणलं.

तरी एक आहे. कार्ड वाचेपर्यंत त्या तिथे होत्या, चांगल्या चार-पाच मिनिटं. चष्मा वर करून! शेजारच्या भल्यामोठ्या तैलचित्रापुढे त्या थांबल्यासुद्धा नाहीत, हे लिहिताना मला जो आनंद होतोय तो काही फार शोभणारा नाही.

पावडर संपत आलीये, मागवायला हवी. या वेळी एक तुकडा मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवून वाकवून बघणार आहे. थर तडकतो आणि भेगांत गडद रंग चोळला की जुन्यापान्या भिंतीसारखं होतं म्हणे. फ्रीझरमध्ये मटाराशेजारी ठेवलेलं माईला दिसलं नाही म्हणजे मिळवलं.

निळ्याचं कार्ड आहे तेच राहील. किंमत मात्र मघाशी खोडून पाचशेने वाढवली.