बेथेलला पायी

रिटायर होऊन दोन वर्षं झाली. ३६ वर्षं पाळक म्हणून काढली, त्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींची गोष्ट पुलपिटवरून किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशोब नाही, पण त्यांच्या जालन्याकडचा रस्ता मी कायम एसटीच्या खिडकीतनंच बघितला. ते आले तेव्हा इकडं रेल्वेच नव्हती, ती आली १९०० च्या सुमारास आणि हे १८९१ मध्येच बोटीवर, समुद्रात वारले. म्हणजे मुंबईहून जालन्याला येताना निदान इकडचा रस्ता तरी बैलगाडी, घोडा नाहीतर पाय. अख्खं अंतर या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून शेवटचा तुकडा घेतला, संभाजीनगर छावणी ते बेथेल, साठेक किलोमीटर, तीन दिवस, एकटा. पोरगा फोनवर म्हणे, पप्पा, गाडीनं तासाभराचं काम आहे, काय डोकं फिरलं का. हिनं मात्र काही न बोलता दशम्या बांधून दिल्या, हे तिचं रागावणंच असतं.

जानेवारी होता. डोक्याला मफलर, हातात काठी, खांद्याला पिशवी, त्यामुळं चिकलठाण्यापासूनच सुरू झालं, "माऊली, कोणची दिंडी?" दिंडी नाही म्हणलं, बेथेलला जायलोय. "बदनापूरला?" नाही, बेथेल, जालन्याजवळ. "असू द्या, च्या घ्या." तिसऱ्या टपरीनंतर मी समजावणं सोडून दिलं, माऊली तर माऊली. शेंद्र्यापर्यंत नुसते कंपन्यांचे गेट, ट्रक आणि धूळ, तिथं भक्तीबिक्ती काही सुचत नाही, जीव सांभाळत चालायचं एवढंच.

करमाडजवळ रूळ दिसले आणि थांबलो. ८ मे २०२० ला पहाटे याच भागात १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्यप्रदेशातली पोरं, जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला, लॉकडाऊनमध्ये घरी निघालेली, मी चाललो त्याच्या उलट दिशेनं जालन्याहून चालत आलेली आणि थकून रुळावरच झोपलेली. रुळात पसरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. दुपारचं जेवण मी तिथंच करणार होतो पण दशमी पिशवीतनं बाहेर काढवेना. याकोब रस्त्यात रात्र झाली म्हणून दगड उशाला घेऊन झोपला, तिथं त्याला स्वप्न पडलं आणि त्या जागेला त्यानं नाव दिलं बेथेल, देवाचं घर. हा उतारा माझा पाठ आहे. त्या दिवशी मनातल्या मनात म्हणायला गेलो तर दगडाच्या पुढं सरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागा लागल्या, तूर काढून झालेली, ज्वारी हुरड्यात आलेली. एका शेतकऱ्यानं बळंच हुरडा खायला बसवलं, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर कशी लवकर निघते यावर अर्धा तास भाषण दिलं, मला त्यातलं फार कळलं नाही पण हुरडा एक नंबर. बदनापूरला रात्री गुडघा असा ठणकला की झोपच नाही.

आणि मग डोक्यात श्रीपत. शेषाद्रींचा धाकटा भाऊ, बाराएक वर्षांचा. १८४३ मध्ये मुंबईत थोरल्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा पण मिशनऱ्यांकडं राहायला गेलेला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोरगं बापाच्या हवाली केलं. तर जातवाले म्हणे हा तिकडं जेवला, आता चालत नाही. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणाले, तर त्यांच्यावरच लोक उठले. हे मला कॉलेजपासून माहीत होतं हो. पण मी सांगायचो काय, तर बाप्तिस्मा, १८७३ ची न्यूयॉर्कची ख्रिस्ती परिषद, निजामाचे दिवाण सालारजंगांनी दिलेली जमीन, त्यावर वसवलेलं बेथेल, गावकुसाबाहेरच्या माणसांना मिळालेलं हक्काचं गाव. श्रीपत गाळायचो, कारण तो आला की गोष्टीची चढण मोडते, मंडळी गप्प बसते आणि पुढचं गीत उठत नाही. ३६ वर्षं एका लेकराला मी रस्त्यात सोडून पुढं जात होतो.

तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता पोचलो, लंगडतच. दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेनंतर म्हणले, पास्टर, चालत आलात तर दोन शब्द बोला. मी श्रीपतचंच सांगितलं, तेवढंच, आणि खाली बसलो. कोणी आमेन म्हणलं नाही. बाहेर पायरीवर बूट चढवत होतो तर एक म्हातारी शेजारी येऊन टेकली.

"सलाम पास्टर. केवढं म्हणलात ते पोरगं?"

"बारा."

"आमचा नातू आहे की तेवढा," म्हणली, आणि अंगणात क्रिकेट खेळणाऱ्या एकाला हाक मारून माझ्यासाठी चहा आणायला पिटाळलं.