वाचनालयाचा रॅम्प: जोत्यापासून ऑक्युपन्सीपर्यंत

पेडणे तालुक्यातल्या एका किनारी गावात वाचनालयाची छोटी इमारत नुकतीच पूर्ण केली. गोव्यात सार्वजनिक इमारतींचे नकाशे काढणाऱ्या तरुण आर्किटेक्टांसाठी हा अनुभव लिहितोय. मुख्य सांगायचं ते एवढंच, की रॅम्पचा विचार जोत्याची उंची ठरवतानाच करायचा. नकाशा झाल्यावर त्याला जागा सापडत नाही.

आपल्याकडे पावसाच्या धास्तीने जोतं उंच घ्यायची सवय आहे. समितीला तीन फूट हवं होतं. मी आधी प्लॉटच्या लेव्हल्स घेतल्या, पाणी कुठून येतं ते पाहिलं आणि गटाराची वाट नीट केली तर ६०० मिमी पुरतं, हे सगळ्यांना जागेवर दाखवलं. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. म्हणजे ६०० मिमीसाठी ७.२ मीटर, शिवाय खाली, वर आणि मध्ये दीड मीटरचे सपाट टप्पे. तीन फुटांना नुसता चढच अकरा मीटरच्या आसपास गेला असता आणि सेटबॅक, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळं ठेवायचं अंतर, सोडून तेवढी जागा आमच्याकडे नव्हती.

फाईल नेहमीच्याच वाटेने गेली: सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा), नगर नियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, मग पंचायतीचा परवाना. प्लॉट भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या बाहेर होता, त्यामुळे सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या निर्बंधांचा, प्रश्न आला नाही. रॅम्पचा सेक्शन आणि अपंगांसाठीच्या शौचालयाचा मोठा तपशील मी पहिल्याच संचात जोडला होता. ‘रॅम्प नंतर बघू’ असं समितीतल्या एकाने म्हटलं, तेव्हा दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ४४ वाचून दाखवलं: निकष न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी नाही आणि इमारत पूर्ण झाली तरी ताबा नाही. चर्चा तिथेच मिटली.

शौचालयाचं माप मात्र कागदावर पटत नाही. गावातले एक निवृत्त मास्तर व्हीलचेअर वापरतात. त्यांना जागेवर बोलावलं, चुन्याने २२०० बाय २००० मिमीचा चौकोन आखला, त्यात दीड मीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. ‘मास्तर, फिरून बघा’ म्हटलं. ते फिरले आणि म्हणाले, ‘दार आत उघडलं तर मी अडकणार.’ दार बाहेर उघडणारं, ९०० मिमी मोकळं, हे मी आखलेलंच होतं. पण बेसिन कुठे असावं हे त्यांनी सांगितल्यावर हलवलं. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय बेसिन आणि आधाराचे दांडे कुठे बसवायचे ते ठरवू नका.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. म्हणून पावसाआधी आणून रचून ठेवला. पांढऱ्या मातीच्या गाठी असलेले चिरे गवंड्याला बाजूला काढायला सांगितले. आयएस ३६२० या भारतीय मानकाप्रमाणे दाबक्षमता किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी लागते, पाणी शोषण १२ टक्क्यांच्या वर नको. चाचणी करून घ्या, खर्च फार नाही. रॅम्पवर मात्र चिरा नको. आपल्या पावसात त्यावर शेवाळ चढतं आणि काठी घेऊन चालणाऱ्याचा पाय सटकतो. आम्ही फ्लेम केलेला (ज्वाळेने खरखरीत केलेला) ग्रॅनाइट घातला आणि रॅम्प छपराच्या वळचणीखाली घेतला.

किनाऱ्याजवळ काँक्रीटमध्ये काटकसर करू नये. आयएस ४५६ मध्ये किनारी हवेसाठी किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आहे. ठेकेदाराने २५ मिमीचे कव्हर ब्लॉक आणले होते, ते परत पाठवले. रेलिंगसाठी ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं स्टेनलेस घेतलं, कारण खारट हवेत ३०४ वर तपकिरी डाग पडतात. पाइप ४० मिमी, दोन्ही बाजूंना, ७६० आणि ९०० मिमी अशा दोन उंचींवर. खालचा दांडा मुलं आणि व्हीलचेअरवाले धरतात, त्यामुळे तो वगळू देऊ नका.

ऑक्युपन्सीच्या, म्हणजे इमारत वापरायच्या दाखल्याच्या, पाहणीला टेप आणि स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो. उंबरठ्याची उंची १२ मिमीच्या आतच राहिली पाहिजे. फरशीवाले शेवटच्या दिवशी पट्टी लावतात आणि ती वाढते. तेवढं स्वतः मोजा.