आमची वाटचाल : रेशमी गोंड्याची राखी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्याकडे पुढच्या राखीपौर्णिमेची लगबग सुरू होते. राबायचं वर्षभर आणि माल खपायचा तो श्रावणातल्या मोजक्या दिवसांत. पौर्णिमा उलटली की राखीला गिऱ्हाईक नाही. म्हणून उधारी आणि परतीचा माल या दोन बाबतींत आम्ही पहिल्यापासून कडक आहोत.

सुरुवात आईच्या हातच्या गोंड्याने झाली. रेशमाचे पदर पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळायचे, मधोमध आवळून बांधायचे, दोन्ही कडा कापायच्या आणि टूथब्रशने हलक्या हाताने फुलवायचे. गाठ सैल राहिली तर ब्रश फिरवताच रेशीम सुटून हातात येतं. आमच्या जुन्या मावशी नव्या मुलींना आधी नुसत्या गाठीच मारायला लावतात. मुली कंटाळतात, पण मी त्यात कधी पडत नाही.

मधल्या काळात बाजारात स्पंजच्या मोठाल्या राख्या आल्या, मग खड्यांच्या, कार्टूनच्या, दिव्यांच्या. खडे-मणी आम्हीही वापरतो, मुलांसाठी कार्टूनही करतो. इलॅस्टिक मात्र लावत नाही. भावाचा हात हातात घेऊन बहीण गाठ मारते तेवढा वेळ मला मोलाचा वाटतो. त्यासाठीच आमचा धागा दोन्हीकडे चांगला लांब असतो.

2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा राखी कशाची बनली आहे त्यावर कर ठरायचा. एकाच राखीत रेशीम, मणी, जर. बिलं करताना जीव मेटाकुटीला यायचा. जुलै 2018 मध्ये मौल्यवान धातू-रत्नांच्या सोडून बाकी राख्यांना करमाफी मिळाली आणि हायसं वाटलं.

2020 ला, कोरोनाच्या काळात, राखीपौर्णिमा 3 ऑगस्टला होती. माहेरी जाणं कित्येकींना जमणार नव्हतं. तेव्हा पाकिटात सपाट बसेल अशी राखी केली, सोबत कुंकू-अक्षतांची पुडी. आज तीच आमची सर्वाधिक खपणारी राखी आहे. सीमेवरच्या भावांसाठी ती आषाढातच मागवली जाते. 2023 ला अधिक श्रावणामुळे सण 30 ऑगस्टला गेला, तेव्हा ‘राखी निज श्रावणात’ हे फोनवर सांगता सांगता घसा बसला.

यंदापासून भाऊबीजेसाठी औक्षणाचा संच करतोय : निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता. श्रावणानंतर मावशींच्या हाताला काम राहत नसे. आता गणपती बसले की संचाची बांधणी सुरू होईल.