नागलीतली कचकच

सकाळी साडेसातला पेठ तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेतून फोन आला. "रात्रीच्या भाकरी मुलांनी टाकल्या. दाताखाली कचकच लागते म्हणतात. चारही पोती परत न्या." नागली, म्हणजे नाचणी, आमच्या शेतकरी गटाने दिलेली होती. नाशिकहून सावळघाट उतरून पोचेपर्यंत साडेनऊ झाले.

मुलं २४०, आठवड्यातून दोन रात्री भाकरी, माणशी ८० ग्रॅम पीठ. म्हणजे एका वेळेला १९ किलोच्या थोडं वर. पाच आठवड्यांचे दोन क्विंटल आम्ही ५०-५० किलोच्या चार पोत्यांत दिले होते, प्रत्येक पोतं एकेका शेतकऱ्याचं. पोत्यांवर खडूने आकडे घातले होते. त्या दिवशी ते आकडेच कामाला आले.

पिठाची चिमूट जिभेवर ठेवली, खरंच कचकच होती. पण ती दोन ठिकाणांहून येऊ शकते. चक्कीला नवी टाकी लावली असेल, म्हणजे तिचे दगड पुन्हा टोचून खरबरीत केले असतील, तर पहिल्या काही किलोंत दगडाची पूड उतरते. नाहीतर धान्यातच माती असते. पीठ चाखून यातलं काय झालंय ते कळत नाही, धान्यच धुवून बघावं लागतं.

प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून नागली काढून त्या-त्या पोत्याची वेगळी एकत्र केली आणि एकेक किलो मोजून घेतली. नुसतं वरचं धान्य घेऊ नये, वाहतुकीत बारीक वाळू तळाला बसते. दोन पराती, भरपूर पाणी. स्वयंपाकाच्या मावशींनी परात माझ्या हातून घेतली. "असं नाही, रोळायचं असतं," म्हणाल्या. मनगटाने परात फिरवत फिरवत पाण्यासकट नागली दुसऱ्या परातीत सोडायची, तळाला उरेल ते ठेवायचं. असं पाचदा. उरलेलं तव्यावर कोरडं केलं आणि ग्रॅमच्या काट्यावर ठेवलं.

पहिलं आणि दुसरं पोतं, अर्धा ग्रॅमही नाही. तिसरं सात ग्रॅम. चौथं सहा. रात्रीचं पीठ तिसऱ्या पोत्यातलं होतं. चक्कीवाल्याकडे चौकशी केली, टाकी महिन्यापूर्वीची होती. चक्कीचा दोष नव्हता.

सात ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. ५० किलोच्या पोत्यात ते साडेतीनशे ग्रॅम होतात, आणि चक्कीत दळून ते प्रत्येक घासात पसरतात.

दोन्ही शेतकऱ्यांना फोन लावला. एकाने कणसं डांबरी रस्त्यावर पसरून त्यावरून गाडी फिरवली होती, दुसरीकडे खळं न सारवता उघड्या मातीवर झोडपणी झाली होती. आधीच्या दोघांनी ताडपत्री अंथरली होती. इतकाच फरक. मग आमच्या खडे काढायच्या यंत्राने काय केलं? ते यंत्र तिरप्या हलत्या जाळीवर खालून हवा सोडतं, हलकं धान्य तरंगून खाली सरकतं, जड खडा वर चढतो. नागलीच्या दाण्याएवढी मातीची गोळी ना पुरेशी जड, ना वेगळ्या आकाराची. ती धान्याबरोबरच निघून जाते. पाण्यात मात्र ती फुटते आणि तिच्यातली वाळू तळाला बसते.

चूक मुळात आमच्या मागणीपत्रातली. त्यात लिहिलं होतं, 'स्वच्छ, निवडलेली नागली'. मोजता येत नाही अशा शब्दावर माल घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

शाळेच्या सरांना चारही पोती परत करून गव्हाकडे वळायचं होतं. गहू इथे फारसा पिकत नाही, नागली दारात पिकते, आणि १०० ग्रॅममागे तिच्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या मुलांच्या ताटातून ती जाऊ द्यायची नव्हती. काट्यावरचे आकडे दाखवल्यावर सरांनी दोन पोती ठेवून घेतली. तिसऱ्यातली उरलेली नागली आणि चौथं पोतं गटाकडे परत आणलं, रोळलं, जानेवारीच्या उन्हात दोन दिवस पातळ पसरून वाळवलं. मजुरी गटाने सोसली. ओलावा १२ टक्क्यांच्या वर राहिला तर पोत्यात कुबट वास धरतो, म्हणून घाई केली नाही.

मागणीपत्रात आता असं आहे: झोडपणी ताडपत्रीवर. एक किलो रोळून एक ग्रॅमपेक्षा जास्त उरल्यास पोतं परत. माल उतरतानाच शाळेसमोर चाचणी. दळण आठवड्यापुरतंच. वजन किलोत, कारण पायली गावागावात वेगळी भरते.

आणि पावती त्याच दिवशी, सहीसह. बिल निघायला दोन-तीन महिने लागतात. व्यापारी तेवढं थांबू शकतो, पण शेतकरी आठवडे बाजारात नागली विकून मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी शाळेकडे फिरकत नाही. सहीची पावती हातात असली की गट स्वतःच्या खात्यातून त्याला आठवड्याच्या आत पैसे देतो आणि बिलाची वाट आपण बघतो.