रोजची मजुरी रोज का देता?

"काकू, तुम्ही शिवणाऱ्या बायकांचे पैसे रोज संध्याकाळीच का देऊन टाकता?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या बायका विचारतात, गिऱ्हाइकं विचारतात. नवरात्र जवळ आलं की जास्तच. मग हळूच पुढचा प्रश्न येतो, "तुमच्या ख्रिस्ती लोकांत तसा नियम असतो का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नियम आहे. तो मला लहानपणापासून ठाऊक होता, आणि तरी मी कितीतरी वर्षं तो पाळला नाही.

बडोद्यात चणिया-चोळीचा हंगाम म्हणजे श्रावणापासून नवरात्रापर्यंतची धावपळ. मशीनकाम माझ्याकडे होतं, आभले, म्हणजे छोटे गोल आरसे, लावायचं काम बायका घरी नेतात. या धंद्यातली जुनी रीत अशी, की बाईचे थोडे पैसे आपल्याकडे राखून ठेवायचे, म्हणजे ऐन हंगामात ती दुसरीकडे जात नाही. पक्का हिशोब दसऱ्यानंतर. मधे अडलं तर उचल द्यायची. इथे तिला उपाड म्हणतात. सगळेच करतात, मीही करत होते.

सात-आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी आमच्याकडची एक बाई तीन घागरे पुरे करून घेऊन आली आणि पैसे मागितले. मी म्हटलं, "सोमवारी देते गं, पार्टीचे पैसे आले नाहीत अजून." पार्टीचे पैसे आले नव्हते हे खरं होतं. पण कपाटात रोकड होती, ती मी कापड आणायला बाजूला काढली होती. ती काही बोलली नाही. पिशवीची घडी घातली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय घेतला. वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा. नुसतं ऐकणारा स्वतःलाच फसवतो. बाविसावी ओवी. फार मनापासून बोलले. माझे डोळे भरून आले, मी पेन्सिलनं ती ओवी अधोरेखित केली, घरी येऊन यजमानांना म्हटलं, आज किती छान उपदेश झाला.

संध्याकाळी तेच तीन घागरे तपासायला घेतले. आभल्याला भोक नसतं. टिकलीएवढी काच कापडावर ठेवून आधी दोन उभे, दोन आडवे धागे ताणायचे, मग तिरपे, आणि त्या चौकटीत सुई अडकवत भोवती गोल टाका भरत आणायचा. धागा सैल राहिला तर पहिल्याच गरब्यात आभला निसटतो. तिचा एकही सैल नव्हता. मी घेर दिव्याखाली धरला आणि एकेका आभल्यात माझा चेहरा दिसला. याकोब त्याच अध्यायात पुढे सांगतो, की नुसतं ऐकणारा हा आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या माणसासारखा असतो; पाठ फिरली की आपण कसे दिसतो हे तो विसरतो. सकाळी ऐकलेलं मी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकवलं नव्हतं.

मग बायबल घेऊन तेच पत्र पुढे वाचत गेले. पाचव्या अध्यायाची चौथी ओवी मजुरीची आहे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते. बायबलातलंच लेवीय नावाचं पुस्तक १९:१३ मध्ये म्हणतं, मजुराचं वेतन रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४:१५ मध्ये, कारणही दिलंय: सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. हे सगळं मी रविवारशाळेत असताना घोकलं होतं.

सोमवारी सकाळी तिच्या घरी गेले. शनिवारी रात्री तिनं गल्लीतल्या एकाकडून पाचशे रुपये व्याजानं घेतले होते. माझ्या कपाटात तिचेच पैसे पडून असताना. मी मजुरी दिली, व्याज दिलं, आणि वर मजुरीचा पाचवा हिस्सा दिला. पाचवा का, तर दुसऱ्याचं अन्यायानं ठेवलेलं परत करताना वर पाचवा भाग द्यावा, असं लेवीयाच्या सहाव्या अध्यायात आहे. ती घेत नव्हती. मी तिच्या हातात कोंबले.

तेव्हापासून रोजचे रोज. सोपं नाही. पैसे घेऊन एक बाई ऐन अष्टमीला आलीच नाही. हातात रोकड राहावी म्हणून मला ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे मागावे लागतात, आणि काही जुनी गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. मंडळीतल्या एकांनी मला समजावलं, "तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही." तारण म्हणजे पापातून सुटका. बायबलातच आहे हे, इफिसकरांस पत्र २:८-९. अगदी बरोबर. पण दहावी ओवी लगेच पुढेच आहे, की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय. तिथपर्यंत वाचायला आणखी अर्धं मिनिट लागतं.

आणि मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईचं काम केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमातल्या बायकांनी केलं. पण १९०० च्या दुष्काळात, ज्याला इथे अजून छप्पनियो म्हणतात, याच गुजरातमधल्या शेकडो उपाशी मुलींना त्यांनी केडगावला नेलं, तेव्हा ते भाषांतर पुरं व्हायला वीसेक वर्षं बाकी होती. पोरींना जेवायला आधी घातलं.

परवा माझ्याकडे सुटे नव्हते. खालच्या दुकानातून पाचशेची नोट मोडून आणेपर्यंत तीच बाई जिन्यात थांबली होती. वर आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पैसे देताना मी तिची माफी मागितली, उशीर झाला म्हणून. ती म्हणाली, "अहो काकू, दहाच मिनिटं तर झाली," आणि दिव्याखाली नोटा मोजायला लागली.