हँड फूट माउथ: फोडांपेक्षा पाण्याकडे लक्ष द्या

पावसाळ्यात पुण्यातल्या पाळणाघरांच्या ग्रुपवर तळहातांचे फोटो फिरू लागतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, या कांजिण्या का? बहुतेकदा नसतात. कांजिण्या पोट, पाठ आणि डोक्यात जास्त येतात, खूप खाजतात, आणि ठिपका, फोड, खपली असं सगळं एकाच वेळी दिसतं. तळहात, तळपाय, गुडघे, कुल्ले आणि तोंडात फोड असतील तर तो बहुधा हँड फूट माउथ. कॉक्सॅकी ए१६ आणि ए६ हे त्यामागचे नेहमीचे विषाणू. २०२२ मध्ये ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजला तो हाच आजार. कांजिण्यांची लस इथे उपयोगाची नाही, आणि विषाणू अनेक असल्याने तो पुन्हाही होतो.

आईबाबा फोडांना काय लावायचं विचारतात. खरं तर काहीच नको. खाज असेल तर कॅलामाइन, बास. फोड फोडू नका. ॲंटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मूल बेजार होतं ते तोंडातल्या फोडांनी. गिळताना दुखतं, म्हणून ते पाणीच सोडतं आणि सुकतं. चमच्याने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने दर काही मिनिटांनी ५ मिली थंड काहीतरी द्या: पाणी, दूध, गोड ताक, शहाळं. लिंबू सरबत, मोसंबी, टोमॅटोचं सार झोंबतं. दहीभात गार आणि मऊ असेल तर मुलं खातात.

दुखण्यावर पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून जास्तीत जास्त चारदा. इथे बाटली नीट वाचा. १० किलोच्या बाळाला १२०च्या (म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असलेल्या) सिरपचे साधारण ६ मिली लागतात, २५०च्या सिरपचे फक्त ३. शेजारणीकडून बाटली आणली आणि मिली जुन्याच सवयीने मोजले, की डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन मुळीच नको.

सहा-आठ तास लघवी नाही, ताप तीन दिवसांपुढे गेला, मूल झोपेत सारखं दचकतंय, सारखी उलटी, चालताना तोल जातोय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

सात ते दहा दिवसांत फोड वाळतात. ए६ असेल तर पुढे तळव्यांची सालं निघतात, आणि महिना-दीड महिन्याने नख मुळापासून सुटू लागतं. तोवर आजार विसरलेला असतो, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणि बुरशीची मलमं सुरू होतात. दोन्हींची गरज नाही. खालून नवं नख येतंच. सुटलेलं ओढू नका, कडा कापून ठेवा.

शौचातून विषाणू काही आठवडे जात राहतो आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. डायपर बदलल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा. ताप उतरला, फोड वाळले आणि मूल नीट खाऊ लागलं, की पाळणाघरात पाठवा.