वहीतला तिसरा रकाना

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची इंग्रजी शब्दांची वही दोन रकान्यांत लिहीत असे: डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अशा याद्या परीक्षा संपताच डोक्यातून उतरतात, म्हणून मी तिला शब्दाच्या उगमासाठी तिसरा रकाना आखायला लावला. नाशिकच्या घरात त्याची सुरुवात द्राक्षांपासून होणे ओघानेच आले.

‘ग्रेप’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ एकटे द्राक्ष नव्हे, तर द्राक्षांचा घड असा होता आणि घड तोडण्याच्या आकडीशी त्याचे नाते सांगितले जाते. आपल्या बेदाण्याला इंग्रजी जे ‘रेझिन’ म्हणते, त्याचा फ्रेंच अवतार मात्र आजही ताज्या द्राक्षासाठीच वापरला जातो. मला सर्वांत आवडतो तो ‘व्हिंटेज’. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द द्राक्षतोडणीचा; पुढे तो त्या हंगामाच्या वाइनला, मग तिच्या वर्षाला लागला आणि शेवटी जुन्या मोटारींनाही चिकटला. दिंडोरी-निफाडच्या बागांत फेब्रुवारी-मार्चमध्ये जी धांदल चालते, तीच या शब्दाच्या पोटात आहे हे एकदा कळले की तो वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘व्हिनेगर’ म्हणजे तर फ्रेंचमधली सरळसरळ ‘आंबट वाइन’.

कांद्याचा ‘अनियन’ लॅटिन ‘ऊनिओ’पासून आला असून, त्याचा संबंध ‘एक’ या अर्थाच्या ‘ऊनुस’शी जोडतात, ‘युनियन’ही त्याच कुळातला. (लासलगावच्या लिलावात कांदा आणि हमालांची युनियन शेजारी नांदतात, ते उगाच नव्हे!)

मात्र या रकान्यात ऐकीव माहिती भरू नये, यावर मी ठाम आहे. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, म्हणून ‘सॅलरी’, असे सर्रास सांगितले जाते. मूळ लॅटिन शब्दाचे मिठाशी नाते आहे, पण मिठाच्या पगाराला प्राचीन पुरावा नाही. ‘न्यूज’ ही चार दिशांची आद्याक्षरे नसून ‘न्यू’चे अनेकवचनी रूप आहे. खरे तर नाशिककरांना हे नवीन नसावे. शूर्पणखेचे नाक आणि नऊ शिखरे या आपल्या गावाच्या नावाच्या दोन्ही कथा आपण सारख्याच खात्रीने पाहुण्यांना ऐकवतो. शंका आली की ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि ती 1928 मध्ये पुरी झाली. शब्द केव्हा कोणत्या अर्थाने वापरला गेला, याची कालक्रमाने अवतरणे तिथे सापडतात.

त्याच कोशात भाचीला ‘मंगूस’ सापडला, तोही मराठी मुंगसावरून आलेला. बदकाच्या नात्यातल्या ‘गूस’शी त्याचा काही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘मंगूसेस’ होते, ‘मंगीस’ नव्हे.